कुपवाडच्या गाळ्यातलं मिलिंग मशिन: सीएनसी केल्यावर वर्तुळ का बिघडलं आणि कसं सुधारलं

कुपवाड एमआयडीसीला लागून असलेल्या एका गाळ्यातलं हे प्रकरण. इथे द्राक्षबागेच्या फवारणी ब्लोअरचे सुटे भाग बनतात. तासगाव, पलूस, मिरज भागातले बागायतदार ट्रॅक्टरमागे जो ब्लोअर ओढतात, त्यात पंपाकडून आलेलं औषध वेगवेगळ्या नळ्यांत वाटून देणारा एक ॲल्युमिनियमचा ब्लॉक असतो. तो ब्लॉक हे इथलं मुख्य काम. त्याच्या एका तोंडाला ४० मिमीचं बोअर (मापात काढलेलं गोल भोक), त्यात ओ-रिंग (गळती अडवणारी रबरी कडी) घातलेली टोपी बसते आणि बाजूंनी आट्यांची भोकं. ऑक्टोबर छाटणी जवळ आली की मागणी एकदम चढते. त्या दिवसांत ब्लॉक वेळेत मिळाला नाही तर गिऱ्हाईक थांबत नाही, शेजारच्या गाळ्यात जातं.

मालकांना सगळे तात्या म्हणतात. त्यांच्याकडे बेंचवर बसणारं चिनी बनावटीचं मिलिंग मशिन आहे. एमटी-३ टेपरचं (निमुळत्या भोकात टूल धरणारं) स्पिंडल, टेबलाची चाल ४०० मिमीच्या आसपास, त्याखालच्या सॅडलची दीडशेच्या आत. ब्लॉकमधलं बोअर तात्या बोअरिंग हेड लावून काढायचे. काम सुरेख, पण वेळखाऊ. डिप्लोमा झालेल्या थोरल्या मुलाने ठरवलं की मशिन कॉम्प्युटरवर घ्यायचं, म्हणजे सीएनसी करायचं. त्याने तिन्ही अक्षांवर (एक्स टेबलाचा, वाय सॅडलचा, झेड हेडचा) नेमा २३ मापाच्या स्टेपर मोटरी, म्हणजे दर पल्सला ठरावीक पाऊल फिरणाऱ्या मोटरी, बसवल्या, मूळचे ट्रॅपेझॉइडल आट्यांचे स्क्रू तसेच ठेवले, जुन्या डेस्कटॉपवर लिनक्ससीएनसी हे मशिन चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि पॅरलल पोर्टमधून मोटरींचे ड्रायव्हर चालवले. वायरिंग नीटनेटकं होतं. मोटरी फिरत होत्या, टेबल सांगितलं तिकडे जात होतं. फक्त ब्लॉक बरोबर येत नव्हता.

४० मिमीचं बोअर एक्स दिशेने मोजलं तर ३९.७२, वाय दिशेने ३९.८५. शिवाय आतल्या भिंतीवर चार ठिकाणी, घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी, बोटाला लागेल अशी चपटी पायरी. टोपी आत जाईना. प्रोग्रॅममध्ये व्यास वाढवला तर टोपी जाई, पण दाब दिला की ओ-रिंगशेजारून पाणी झिरपे. मग त्याने लिनक्ससीएनसीच्या सेटिंग फाइलमधली बॅकलॅशची, म्हणजे स्क्रू-नटमधल्या मोकळ्या खेळाची, भरपाई चालू केली. हलक्या फिनिशिंग कटला वर्तुळ बरंच सुधारलं. त्या आनंदात त्याने नेहमीच्या खोलीचा कट दिला आणि ६ मिमीची एंडमिल (उभा दांड्यासारखा कटर) तुटली. दुसरी लावली, तीही तुटली. ‘मोटर कमी पडते’ असा निष्कर्ष निघाला. मला बोलावलं तेव्हा त्याहून मोठ्या नेमा ३४ मोटरींचं कोटेशन टेबलावर तयार होतं.

तात्यांचा प्रश्न मात्र वेगळा होता, आणि सगळ्या प्रकरणाचं मूळ त्यातच होतं. ते म्हणाले, “ह्याच मशिनवर मी हातानं पॉइंट झिरो टूमध्ये काम काढतोय. मोटर लावली म्हणून मशिन बिघडलं व्हय?”

मशिन बिघडलेलं नव्हतं. ते आधीपासून ढिलंच होतं. तात्यांचा हात तो ढिलेपणा झाकत होता. अनुभवी माणूस हँडल फिरवताना नेमक्या मापावर नेहमी एकाच बाजूने येतो. पुढे गेला तर एक फेरा मागे जाऊन पुन्हा त्याच बाजूने येतो, म्हणजे स्क्रू आणि नटमधला खेळ कायम एकीकडेच दाबलेला राहतो. जो अक्ष चालवायचा नाही त्याचा लॉक तो आवळतो. कट अप मिलिंगचाच घेतो, कारण त्यात कटर जॉबला मागे ढकलतो आणि खेळ उघडत नाही. बोअर तर तो टेबल हलवून काढतच नाही. टेबल लॉक करून बोअरिंग हेड फिरवतो, मग गोलाई स्पिंडलच्या बेअरिंगची येते, स्क्रूची नाही. यातलं काहीही तात्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं, कारण ते आपण करतो हेच त्यांच्या लक्षात नव्हतं.

कॉम्प्युटरला हँडल हाताला लागत नाही. एका वर्तुळात प्रत्येक अक्ष दोनदा उलटतो. एक्स उलटतो तीन आणि नऊला, वाय उलटतो बाराला आणि सहाला. उलटताना स्क्रू फिरतो, पण खेळ संपेपर्यंत टेबल जागचं हलत नाही. तेवढ्या वेळात दुसरा अक्ष पुढे सरकलेला असतो. चपटी पायरी तिथली. आणि ज्या अक्षात जेवढा खेळ तेवढा त्या दिशेचा व्यास कमी. ३९.७२ म्हणजे एक्समध्ये ०.२८ चा खेळ, ३९.८५ म्हणजे वायमध्ये ०.१५ चा. डायल (सूक्ष्म हालचाल सुईने दाखवणारं मापक) लावायच्या आधीच ब्लॉकने हे सांगून टाकलं होतं.

भरपाईचं काय झालं? भरपाई म्हणजे दिशा बदलली की सॉफ्टवेअर स्क्रूला ०.२८ जास्त फिरवतं. कटरचा जोर नसेल तर हे चालतं, कारण टेबल घर्षणाने जागच्या जागी धरलेलं असतं. खरा कट लागला की चित्र बदलतं. पोराने कॅममधून (ड्रॉइंगवरून प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) प्रोग्रॅम काढला होता आणि कॅमने डाउन मिलिंग निवडलं होतं, बहुतेक कॅममध्ये तेच मुळात असतं. डाउन मिलिंगमध्ये कटर जॉबला फीडच्या दिशेने ओढतो. नटमध्ये मोकळी जागा असेल तर टेबल त्या जागेपुरतं उडी मारतं. त्याचा फीड दर दाताला ०.०४ मिमी होता. टेबलाने ०.२८ ची उडी घेतली तर एका दाताच्या वाट्याला सातपट माल येतो. ६ मिमीची एंडमिल त्यात टिकत नाही. मोटर मोठी असती तर दुसरं काही झालं नसतं, एंडमिल तरीही तुटलीच असती.

०.२८ कुठून आले

खेळ आहे म्हटलं की लोक थेट बॉल स्क्रू (ज्याच्या नटमध्ये गोळ्या फिरतात असा कमी घर्षणाचा स्क्रू) मागवतात. मला आधी खेळाची वाटणी हवी होती, कारण तो एका जागी नसतो.

पहिलं मोजमाप एकूण खेळाचं. चुंबकी स्टँड बेडवर, डायल टेबलाच्या टोकावर. कॉम्प्युटरवरून एक मिलिमीटर पुढे, पुन्हा एक पुढे, मग एक मागे. मागे येताना जेवढं कमी भरलं तो खेळ. एक्सला ०.२८ आलं, ब्लॉकने सांगितलं तेवढंच.

दुसरं मोजमाप स्क्रूच्या लांबीतल्या हालचालीचं, आणि हे फार कमी लोक करतात. स्क्रूच्या मोकळ्या टोकाला टर्निंगच्या वेळचं सेंटरचं भोक असतंच. त्यात ग्रीसचा ठिपका लावून सायकलच्या बेअरिंगमधली एक गोळी चिकटवायची आणि डायलचं टोक त्या गोळीवर टेकवायचं. स्क्रू फिरला तरी गोळीचा माथा जागेवर राहतो. डायल हलला तर अख्खा स्क्रू पुढे-मागे सरकतोय असं समजायचं. टेबल दोन्ही हातांनी ढकललं-ओढलं, डायल ०.११ हलला. मूळ मशिनमध्ये टोकाला साधी बुश आणि कॉलर होती. हँडलचा नट आवळून तो खेळ काढता येतो, पण मग हँडल जड होतं, म्हणून कुणीतरी कधीतरी तो सैल केलेला.

बॉल स्क्रू आणून याच बुशमध्ये बसवला असता तर हे ०.११ जसेच्या तसे राहिले असते. पैसे खर्चून वर्तुळ थोडं बरं झालं असतं, बरोबर झालं नसतं. असे रूपांतर केलेले मशिन मी पाहिलेत, आणि त्यांचे मालक शेवटी बॉल स्क्रूलाच शिव्या देतात.

उरलेल्यात सुमारे ०.१२ नट आणि स्क्रूच्या आट्यांमधले. राहिलेले जिबचे. जिब म्हणजे डोव्हटेलच्या (स्लाइडच्या तिरक्या कडांच्या खाचेच्या) एका बाजूला सरकवलेली पट्टी, तिला बाजूने स्क्रू मारून स्लाइडचा सैलपणा काढतात. इथे पट्टी मधे फुगलेली आणि टोकांना मोकळी होती. टेबल सरकण्याआधी अंगातच थोडं वळत होतं. दोन डायल टेबलाच्या दोन टोकांना लावले की हे दिसतं: दिशा बदलताना दोन्ही डायल एकदम हलत नाहीत.

अजून एक चाचणी घेतली, ती घर्षणाची. कॉम्प्युटरवरून फक्त ०.०१ पुढे, पुन्हा ०.०१, पुन्हा. डायल प्रत्येक वेळी एक रेघ हलायला हवा. इथे तो दोन-तीन वेळा गप्प बसायचा आणि मग एकदम तीन रेघा उडी मारायचा. स्लाइड चिकटते आणि सुटते. पोरगा म्हणाला, “काका, मायक्रोस्टेपिंग वाढवू का? बत्तीस करतो.” मायक्रोस्टेपिंग म्हणजे मोटरच्या एका पावलाचे बारीक तुकडे करणं. त्याने काही होत नाही. मायक्रोस्टेप वाढले की एका पल्सला मोटर जो जोर लावते तो कमी होत जातो. आठ मायक्रोस्टेपला एका पल्समागे होल्डिंग टॉर्कचा (मोटरच्या पूर्ण पकडीचा) जेमतेम पाचवा हिस्सा मिळतो, बत्तीसला विसावाही नाही. स्लाइडचं घर्षण त्याहून जास्त असेल तर मोटर नुसते पल्स मोजते, टेबल बसून राहतं. इलाज स्लाइडवर करायचा असतो.

मोटरीचं गणित

नेमा ३४ चं कोटेशन बाजूला ठेवायला हे गणित पुरलं. बॉल स्क्रूची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास. ५ मिमी लीडच्या, म्हणजे एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणाऱ्या, स्क्रूला १ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) दिला तर टेबलावर १,१०० न्यूटनहून जास्त जोर येतो, म्हणजे सव्वाशे किलोच्या जरा आत. या मशिनवर ६ ते १० मिमीची एंडमिल ॲल्युमिनियममध्ये चालवताना त्याच्या निम्माही जोर लागत नाही. त्याआधी कॉलम थरथरायला लागतो. ट्रॅपेझॉइडल स्क्रूची कार्यक्षमता मात्र २५ ते ४० टक्के, बाकीची शक्ती आट्यांच्या घर्षणात जाते. त्यात मूळ स्क्रूचा लीड २ मिमी, म्हणून भरभर सरकायचं तर मोटर जास्त फेऱ्यांनी पळवावी लागे, आणि स्टेपर मोटर वेगात गेली की तिचा टॉर्क पडतो. पोराला मोटर कमी वाटत होती ती यामुळेही.

ठरलं ते असं: एक्स, वाय, झेड तिन्हींना एसएफयू १६०५ बॉल स्क्रू, म्हणजे १६ मिमी व्यास आणि ५ मिमी लीड. मोटरी नेमा २३ च, पण एन्कोडरवाल्या क्लोज्ड लूप, म्हणजे आपण खरंच किती फिरलो हे परत कळवणाऱ्या. साधी स्टेपर पावलं चुकली तरी कुणाला सांगत नाही आणि पुढचा सगळा ब्लॉक सरकलेला निघतो. क्लोज्ड लूपची मोटर मागे पडली की ड्रायव्हर अलार्म देतो. तो अलार्म कंट्रोलरला जोडून सगळे अक्ष थांबवायचे, नाहीतर त्या एन्कोडरचा निम्मा फायदा वाया. फेऱ्याला १,६०० पल्स ठेवले, म्हणजे मिलिमीटरला ३२०. मिनिटाला ३,००० मिमीचा वेग धरला तर सेकंदाला १६,००० पल्स होतात. पॅरलल पोर्ट आणि जुना डेस्कटॉप हे झेपवतो, लेटन्सी टेस्ट (कॉम्प्युटर पल्स वेळेवर देतो का याची चाचणी) तासभर चालवून खात्री केली. सॉफ्टवेअरबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही. ते पहिल्यापासून ठीकच होतं.

लोखंडाचं काम

बॉल स्क्रूची टोकं ऑर्डर देतानाच टर्न करून घेतली. स्क्रूचा पृष्ठभाग कडक केलेला असतो, गाळ्यातल्या लेथवर साध्या टूलने तो कापत नाही. एक सूचना जाता जाता: नट स्क्रूवरून काढायचा असेल तर आट्यांच्या तळाच्या व्यासाची नळी लावून त्यावर सरकवायचा. नाहीतर सगळ्या गोळ्या फरशीवर.

खरी अडचण जागेची. १६०५ च्या नटचं अंग २८ मिमी आणि फ्लँज ४८ मिमी. टेबल आणि सॅडलमधली मूळची पोकळी एवढी नव्हती. फ्लँजच्या दोन बाजू सपाट करून ४० वर आणल्या, तरी सॅडलचं ओतीव पोखरावं लागणार होतं. आणि ज्या मशिनवर हे मिलिंग करायचं तेच मशिन उघडून पडलेलं. सॅडल मिरज एमआयडीसीतल्या ओळखीच्या टूलरूममध्ये नेलं. किती पोखरायचं यावर तिथे बराच खल झाला. मी कमीत कमीच्या बाजूचा होतो, कारण सॅडल पातळ झालं तर बोल्ट आवळताना डोव्हटेल वाकतं आणि मग जिब कधीच नीट बसत नाही. शेवटी नटची जागा एका बाजूला सरकवली आणि वायची चाल सुमारे २० मिमीने घटली. हा तोटा तात्यांना आधी सांगितला होता. ब्लॉक आडवा धरला तर उरलेली चाल पुरते, हे ड्रॉइंगवर मोजूनच त्यांनी होकार दिला.

टोकाच्या बेअरिंगांवर सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो द्यायलाच हवा होता. बीके-१२ हे बेअरिंगचं तयार घर उंचीला बसत नव्हतं, म्हणून जाड प्लेटमध्ये घर बोअर करून ७२०१ नंबरच्या अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी पाठीला पाठ लावून बसवली. १२ मिमी आतला व्यास, ३२ बाहेरचा. अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग एकेकटं एकाच दिशेचा जोर घेतं, म्हणून जोडी लागते. बाहेरच्या रिंगा झाकणाने घट्ट, आतल्या रिंगा लॉकनटने आवळायच्या. आवळताना हाताला जेमतेम जडपणा जाणवला की थांबायचं. जास्त आवळलं तर बेअरिंग तापतं आणि मोटरचा जोर तिथेच खर्च होतो. दुसरं टोक साध्या बेअरिंगमध्ये सरकतं ठेवलं, स्क्रू गरम होऊन वाढला तर त्याला वाट हवी. गोळी आणि डायलची तीच चाचणी पुन्हा घेतली. ०.११ च्या जागी सुई हललेली दिसत नव्हती.

जिबचं काम पलूसच्या एका निवृत्त फिटरने केलं. या पट्ट्यात १९१० पासून किर्लोस्करवाडीचा कारखाना आहे, स्क्रेपर हातात धरणारी जुनी माणसं अजून सापडतात. त्यांनी स्लाइडला ब्लू (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावला, जिब सरकवून पाहिली, ठिपके उमटले ते खरवडले, पुन्हा ब्लू. जिबच्या संपूर्ण लांबीवर ठिपके पसरेपर्यंत हेच. त्यांनीच सॅडलच्या तेलाच्या खाचा साफ केल्या. आत ओतिवाची वाळू आणि रंग अडकलेला होता, तेल स्लाइडपर्यंत कधी पोचतच नव्हतं. साध्या इंजिन ऑइलऐवजी ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल घातलं. त्यानंतर ०.०१ ची चाचणी घेतली तेव्हा डायल रेघेरेघेने चालायला लागला. हे सगळं काम एका मोटरच्या किमतीपेक्षा स्वस्तात झालं.

स्क्रू बसवताना क्रम महत्त्वाचा. टेबल मोटरच्या टोकाकडे पूर्ण आणायचं आणि मग बेअरिंग प्लेटचे बोल्ट आवळायचे. टेबल दुसऱ्या टोकाला नेऊन तिथली प्लेट आवळायची. मधे स्क्रू हाताने फिरवून पाहायचा. कुठे जड, कुठे हलका लागला तर सरळपणा नाही. सगळीकडे सारखं लागलं की डॉवेल पिना मारायच्या, म्हणजे पुन्हा खोललं तरी जागा सापडते.

नवीन नट बिनखेळाचा असेल असं मात्र समजू नये. रोल्ड, सी-७ ग्रेडच्या (साधारण अचूकतेच्या) सिंगल नटमध्येही थोडा खेळ येतो. वायच्या नटमध्ये तो आम्हाला जास्त वाटला. गोळ्या ३.१७५ मिमीच्या असतात, काही मायक्रॉनने मोठ्या गोळ्या भरून तो कमी करता येतो. ते काम दिसतं तेवढं अवघड नाही, पण धूळ नसलेली जागा आणि शांत डोकं लागतं. या गाळ्यात पहिली गोष्ट नव्हती, म्हणून ते टूलरूममध्येच करून घेतलं.

वीज गेली आणि हेड खाली आलं

झेड जोडून झाल्यावरचा प्रसंग. हेड वर उभं, खाली व्हाइसमध्ये जुना ब्लॉक, आणि वीज गेली. हेड सावकाश खाली उतरायला लागलं. कटर लावलेला नव्हता म्हणून निभावलं.

ट्रॅपेझॉइडल स्क्रू स्वतःहून उलटा फिरत नाही. बॉल स्क्रू फिरतो. इथल्या हेडचं वजन मोटरसकट पंचवीस किलोच्या आसपास. एवढ्या वजनाने ५ मिमी लीडच्या स्क्रूवर जेमतेम ०.१८ न्यूटन-मीटर टॉर्क येतो, पण वीज नसलेल्या स्टेपरची पकड त्याहूनही कमी असते. जिबच्या घर्षणावर विसंबणं चुकीचं, कारण आपणच ते घर्षण कमी केलेलं असतं. ज्या भागात वीज न सांगता जाते तिथे झेडला बॉल स्क्रू लावणाऱ्याने हा विचार आधी करायला हवा.

दोन गोष्टी केल्या. गाडीच्या डिकीला असतो तसा २०० न्यूटनचा गॅस स्प्रिंग कॉलम आणि हेडच्या मधे बसवला आणि झेडची चाल त्याच्या स्ट्रोकपुरती मर्यादित केली. ब्लॉकला तेवढी पुरते. शिवाय झेडची मोटर बदलून ब्रेकवाली घेतली. तिला वीज मिळते तोवर ब्रेक सुटलेला, वीज गेली की लागलेला. नुसता गॅस स्प्रिंगही बहुधा पुरला असता, पण कालांतराने तो मऊ पडतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पोराचा हात त्या कटरखाली असतो, तिथे ‘बहुधा’ नको.

इमर्जन्सी स्विचही बदलला. तो आधी फक्त कॉम्प्युटरला कळवत होता. आता त्याने थेट कॉन्टॅक्टर (मुख्य पुरवठ्याचा विजेवर चालणारा स्विच) पडतो, मोटरींचा आणि स्पिंडलचा पुरवठा तुटतो. कॉम्प्युटर अडकलेला असला तरी मशिन थांबतं. चालीच्या टोकाला मशिन थांबवणारे लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी सर्किट जोडलेलं राहील असे) जोडले, वायर तुटली तर मशिन थांबावं म्हणून.

विजेच्या बाबतीत एक वेगळाच त्रास झाला. स्पिंडल चालू केलं की मशिन ‘लिमिट लागला’ म्हणून थांबायचं, स्विचला कुणी हात न लावता. स्पिंडलच्या डीसी मोटरचा वेग-नियंत्रक गोंगाट करतो आणि लिमिटच्या ५ व्होल्टच्या वायरी त्याच ट्रंकिंगमधून गेलेल्या. वायरी वेगळ्या केल्या, शिल्डेड केबल घेऊन शिल्ड फक्त पॅनलच्या टोकाला अर्थ केलं, लिमिट २४ व्होल्टवर नेऊन ऑप्टोकपलरमधून (सिग्नल प्रकाशाने पुढे देणाऱ्या भागातून) आत घेतले. त्रास गेला. गाळ्याचं मूळ अर्थिंगही तपासून घेतलं. ते नावापुरतंच होतं, नवीन पिट करावा लागला.

निकाल

हेड कॉलमसकट काटकोनात आणण्यासाठी स्पिंडलमध्ये डायल धरून टेबलावर फिरवला आणि कॉलमच्या बुडाशी शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घातल्या. मग तोच ब्लॉक, तोच प्रोग्रॅम, बॅकलॅश भरपाई बंद. एक्सचा खेळ ०.०२, वायचा ०.०३. ४० च्या बोअरमध्ये दोन दिशांचा फरक ०.०३ च्या आत. चार पायऱ्या उजेडात तिरकं धरलं तर अंधुक दिसतात, बोटाला लागत नाहीत. त्यानंतर एक्सला ०.०२ आणि वायला ०.०३ भरपाई टाकली. इतक्या लहान खेळाला ती टाकायला हरकत नाही. टोपी बसली, दाबाला गळती नाही. डाउन मिलिंगने नेहमीचा कट घेतला, तीच ६ मिमीची एंडमिल शिफ्टभर चालली.

सगळा खर्च ऐंशी-नव्वद हजारांत बसला. त्यातला मोठा भाग स्क्रू, बेअरिंग आणि दुसऱ्याच्या मशिनवर करून घेतलेल्या कामाचा. पोराच्या पहिल्या तीन मोटरींपैकी दोन आता इंडेक्सिंगच्या नव्या जोडणीसाठी बाजूला ठेवल्यात.

स्टीलचं काम या मशिनवर अजूनही जपूनच करावं लागतं. १२ मिमीच्या कटरने माइल्ड स्टीलचं फेसिंग केलं तर कॉलम थरथरतो आणि फिनिश खवल्यांचा येतो. कॉम्प्युटर लावल्याने मशिन जड होत नाही. तात्यांनी स्टीलची कामं घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत होतं, त्यांनी त्यातली थोडी तरीही घेतलीत.

हँडलं काढून टाकली. वेगाने फिरणाऱ्या मोटरच्या शाफ्टवर हँडल ठेवलं तर ते बाही किंवा मनगट धरतं. तात्यांना हे पसंत नव्हतं. त्यांच्यासाठी हातात धरायचं एमपीजी चाक आणलं, एका टिकेला ०.०१ सरकणारं. जॉब सेट करताना ते आता वापरतात, पण कटर टेकल्याचं त्यांना टिकेवरून कळत नाही, कानावरूनच कळतं, म्हणून सेटिंगच्या वेळी शेजारचं ग्राइंडर बंद ठेवायला लावतात.

वेळ आता कटिंगमध्ये जात नाही, टूल बदलण्यात जातो. एमटी-३ टेपर ड्रॉबारने ओढून बसतो, दर वेळी उंची थोडी वेगळी येते, म्हणून प्रत्येक टूल बदलल्यावर झेड पुन्हा टेकवून घ्यावा लागतो. एका ब्लॉकला चार टूल लागतात. स्पिंडलमध्ये एक ईआर कोलेट चक (टूलचा दांडा आवळून धरणारा) कायमचा ठेवून नुसतं टूल बदलायचं आणि टेबलाच्या कोपऱ्यात टूल टेकवण्याचं बटण बसवायचं, म्हणजे उंची मशिन स्वतः घेईल, असा बेत आहे. बटणाची वायर कुठून न्यायची यावर बाप-लेकात अजून एकमत नाही. पोराला ती टेबलाखालून न्यायची आहे. तात्यांचं म्हणणं, तिथे बुरादा आणि कुलंट साचतं, वरून ड्रॅग चेनमधून आण. माझ्या मते तात्या बरोबर आहेत.